शेंगा खाल्ल्या, टरफलं उचलली नाहीत

सिंगापूरच्या बीच रोडवर समुद्र नाही. एके काळी होता. रॅफल्स हॉटेलच्या व्हरांड्यातून उतरून रस्ता ओलांडला की वाळूच लागायची. भराव टाकून टाकून या शहराने समुद्राला इतकं मागे रेटलं आहे, की आता समोर दिसतात त्या सिग्नलला थांबलेल्या टॅक्सी आणि आय. एम. पेई यांनी आराखडा केलेला ७३ मजली टॉवर. १९८६ साली तो उघडला तेव्हा जगातलं सर्वांत उंच हॉटेल म्हणून त्याचा केवढा बोलबाला होता! तो मान केव्हाच दुसरीकडे गेला. त्याच्या पायथ्याशी असलेल्या रॅफल्सच्या तीन मजली पांढऱ्या इमारतीत मात्र आजही रांगा लागतात. भाचीकडे गेले असताना मीही त्या रांगेत उभी राहिले.

ही रांग राहायला आलेल्यांची नसते. राहणारे गाडीतून येतात. पांढऱ्या गणवेशातला, पगडी बांधलेला धिप्पाड शीख दरवान अदबीने दार उघडतो आणि मंडळी आत दिसेनाशी होतात. अशी भाग्यवान माणसं असून असणार किती? सगळे मिळून ११५ स्वीट, आणि एका रात्रीचे हजार सिंगापूर डॉलरच्या वर. बाकीच्यांसाठी मुख्य लॉबीच्या दाराशी सौम्य शब्दांतली पाटी आहे : पुढे फक्त निवासी पाहुण्यांना प्रवेश. मग बाकीचे दरवानाबरोबर फोटो काढतात, बाजूच्या आर्केडमधली दुकानं बघतात, जुन्या जाहिरातींची पोस्टकार्डं विकत घेतात आणि शेवटी लाँग बारचा जिना चढतात.

आत शिरल्यावर आधी काळोख वाटतो. डोळे सरावले की छताकडे लक्ष जातं. तिथे पानांच्या आकाराचे पंखे ओळीने टांगले आहेत. ते गरगर फिरत नाहीत, एका लयीत पुढेमागे झुलतात. पूर्वी दोरी ओढणारा माणूस होता, आता मोटार आहे. बारच्या मागे एक मुलगा हाताने फिरवायचं चाक गरागरा फिरवत होता. त्याला अडकवलेल्या भांड्यांतून एकाच वेळी बरीच ‘सिंगापूर स्लिंग’ घुसळून निघत होती. टेबलावर गोणपाटाची छोटी पोती, त्यांत भाजलेल्या शेंगा. आणि जमिनीवर टरफलंच टरफलं. पाय टाकला की कुरकुर.

“मावशी, खालीच टाक,” भाची म्हणाली. “इथे तीच रीत आहे.”

रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला तरी दंड करणाऱ्या शहरात! टिळकांची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाची इथे भलतीच पंचाईत होते. शेंगा तर आपणच खाल्लेल्या असतात, आणि टरफलं उचलायची नाहीत. मी पहिली दोन-चार मुठीत धरून ठेवली. मग दिली टाकून.

स्लिंग आली. गुलाबी, वर फेस, कडेला अननसाची फोड. जिन, चेरी ब्रँडी, अननसाचा आणि लिंबाचा रस, शिवाय आणखी दोन-तीन मद्यं. हाइनानी बारमन न्याम टाँग बून याने १९१५ च्या सुमारास ती इथे बनवली, असं हॉटेल सांगतं. त्या काळी बायकांनी चारचौघांत दारू पिणं शिष्टसंमत नव्हतं, म्हणून फळांच्या रसासारखी दिसेल अशी ही युक्ती. गोष्ट चांगली आहे. पण गुलाबी स्लिंग त्याच्याही आधी सिंगापुरात पीत असत आणि आजची कृती न्यामचीच का, यावर जाणकारांत वाद आहेत. चवीबद्दल माझं मत विचाराल तर सरबत म्हणून गोड आणि दारू म्हणूनही गोडच. एका पेल्याला चाळीस डॉलरच्या आसपास पडतात. म्हणजे आपले अडीच हजार. त्यातले पेयाचे किती आणि गोष्टीचे किती, हा हिशेब मी तिथे बसूनच मांडायला लागले.

आणि हा बारसुद्धा मूळ जागेवर नाही. मोठ्या दुरुस्तीनंतर हॉटेल पुन्हा उघडलं तेव्हा तो आर्केडमध्ये नव्याने, १९२० च्या दशकातल्या मलायातल्या मळेवाल्यांच्या थाटात सजवला गेला. रबराच्या मळ्यांचे गोरे मॅनेजर महिनोन्‌महिने रानात काढायचे आणि शहरात आले की रॅफल्समध्ये पैसे उधळायचे. ज्यांच्या घामावर ते पैसे उभे राहिले ते मळ्यातले तमिळ मजूर. त्यांच्या आठवणीखातर काही टांगलेलं मला बारमध्ये दिसलं नाही.

रॅफल्स सुरू केलं ते सार्कीज बंधूंनी. मूळचे इस्फहानचे आर्मेनियन. मार्टिन, टिग्रान, एव्हिएट आणि आर्शाक असे चौघे. पेनांगचं ईस्टर्न अँड ओरिएंटल त्यांचं, रंगूनचं स्ट्रँडही त्यांचंच. सिंगापुरात टिग्रानने अलसागॉफ या अरब व्यापाऱ्याच्या मालकीचा समुद्रकाठचा जुना बंगला भाड्याने घेतला आणि १ डिसेंबर १८८७ रोजी दहा खोल्यांचं हॉटेल थाटलं. आज दिसते ती मुख्य इमारत १८९९ ची. विजेचे दिवे आणि पंखे हे तेव्हाचं तिचं अप्रूप.

टिग्रान पक्का धंदेवाईक. १८८९ मध्ये तरुण रडयार्ड किपलिंग सिंगापुरात येऊन गेला आणि त्याने लिहिलं, की रॅफल्सचं जेवण जितकं उत्तम तितक्याच खोल्या वाईट, तेव्हा प्रवाशाने जेवावं रॅफल्समध्ये आणि झोपावं हॉटेल द ल’युरोपमध्ये. दुसरा कोणी असता तर रागावला असता. हॉटेलने त्यातली जेवणाची स्तुती तेवढी कापून घेतली आणि जाहिरातीत छापली. झोपेचा भाग गाळला. शंभराहून अधिक वर्षं किपलिंग रॅफल्सचा चाहता म्हणून मिरवला जातो आहे. आपल्याकडच्या नाटकांच्या जाहिराती आठवल्या. समीक्षक लिहितो, ‘नेपथ्य अप्रतिम, बाकी आनंद’, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात छापून येतं, ‘अप्रतिम!’

वाघाची गोष्टही अशीच वाढलेली. ‘सिंगापुरातला शेवटचा वाघ रॅफल्सच्या बिलियर्डच्या टेबलाखाली मारला’ असं अजून सांगितलं जातं. वाघ होता हे खरं, साल १९०२. पण तो रानातून आलेला नव्हता, जवळच्या सर्कशीच्या खेळातून सुटलेला होता. टेबलाखालीही नव्हता. बिलियर्ड रूम विटांच्या खांबांवर उचलून बांधलेली होती, तिच्या तळाशी तो लपला होता. शेजारच्या रॅफल्स इन्स्टिट्यूशनच्या मुख्याध्यापकांना, फिलिप्स यांना, झोपेच्या वेळी बोलावून आणलं आणि त्यांनी गोळ्या घातल्या. शेवटचा तर नव्हताच. बेटावर त्यानंतरही १९३० पर्यंत वाघ मारले गेले. पण ‘सर्कशीतला घाबरलेला वाघ जमिनीखाली सापडला’ यापेक्षा टेबलाखालचा वाघ ऐकायला किती झोकदार! मुख्याध्यापकांनी बंदूक चालवली, एवढाच भाग मला मुळात आहे तसाच आवडतो.

सार्कीजांचा शेवट मात्र खरोखरच गोष्टीतल्यासारखा. धाकटा आर्शाक डोक्यावर व्हिस्कीचा ग्लास ठेवून वॉल्ट्झ नाचायचा आणि तो सांडायचा नाही. पेनांगच्या हॉटेलवर त्याने हात सैल सोडून पैसा ओतला. मग मंदी आली, रबराचे भाव कोसळले, मळेवाले कंगाल झाले. १९३१ मध्ये आर्शाक वारला आणि त्याच वर्षी पेढीचं दिवाळं वाजलं. रॅफल्स १९३३ मध्ये एका कंपनीच्या हाती गेलं. पुढे १९४२ मध्ये जपानी आले, त्यांनी हॉटेलचं नाव बदलून ‘स्योनान र्योकान’ केलं. ते येण्याआधी नोकरांनी गोमांस वाढायची चांदीची ढकलगाडी आवारात पुरून ठेवली, ती युद्ध संपल्यावर उकरून काढली. त्याच आवारात मग छावण्यांतून सुटलेल्या युद्धकैद्यांना काही काळ आसरा मिळाला.

साठीच्या आसपास वय झालेले सिंगापूरकर सांगतात, की १९७०-८० च्या दशकांत रॅफल्सची रया गेली होती. मग शताब्दीच्या वर्षी, १९८७ मध्ये, सरकारने ते राष्ट्रीय स्मारक ठरवलं. १९८९ मध्ये दारं बंद झाली आणि सुमारे १६ कोटी सिंगापूर डॉलर खर्चून १९९१ मध्ये ती उघडली. आता गंमत बघा. जुनं रूप परत आणायचं म्हणजे नेमकं कोणत्या सालचं? ठरलं १९१५ चं. मग दर्शनी बाजूला नंतर बांधलेली प्रसिद्ध बॉलरूम, जिच्यात दोन महायुद्धांमधलं सगळं सिंगापूर नाचलं होतं, ती पाडली आणि तिच्या जागी पूर्वी असलेला लोखंडी पोर्टिको नव्याने ओतून उभा केला. म्हणजे खरंखुरं जुनं गेलं आणि त्याहून जुन्याची नक्कल आली! आज सगळे ज्याच्यापुढे फोटो काढतात तो हा पोर्टिको. दुसरी मोठी डागडुजी २०१९ मध्ये संपली. वारसा जपणाऱ्यांना विचारलं तर ते दहा कारणं देतील आणि त्यातली पाच पटतीलही. मला मात्र त्या बॉलरूमचं वाईट वाटलं.

जगातली बहुतेक जुनी नामांकित हॉटेलं अशी निवडून ठेवलेल्या इतिहासावर चालतात. इस्तंबूलचं पेरा पॅलेस ओरिएंट एक्स्प्रेसच्या प्रवाशांसाठी उभारलं. तिथली ४११ क्रमांकाची खोली अगाथा ख्रिस्तीची म्हणून दाखवतात आणि अतातुर्कच्या १०१ क्रमांकाच्या खोलीचं संग्रहालय केलं आहे. हाँगकाँगच्या पेनिन्सुलात दुपारच्या चहासाठी लोक ताटकळतात; १९४१ च्या नाताळच्या दिवशी ब्रिटिशांनी शरणागतीवर सह्या केल्या त्या तिथेच. काहींच्या नशिबी तेवढंही नसतं. कैरोचं शेपर्ड्‌स २६ जानेवारी १९५२ ला दंगलीत जळून खाक झालं.

आणि आपलं ताज? त्याचीही एक टेबलाखालच्या वाघासारखी गोष्ट आहे. इमारत चुकून उलटी बांधली गेली आणि ते पाहून वास्तुविशारदाने जीव दिला. मुंबईत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ही कोणीतरी ऐकवतंच. साफ खोटी. मूळ प्रवेश शहराच्या बाजूने ठेवला होता तो मुद्दाम. आराखडा करणारे सीताराम खंडेराव वैद्य १९०० मध्ये मलेरियाने गेले, काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी पुरं केलं आणि १६ डिसेंबर १९०३ ला हॉटेल उघडलं. गेटवे ऑफ इंडिया त्यानंतर एकवीस वर्षांनी, १९२४ मध्ये. एका मराठी माणसाचं नाव सांगायची आयती संधी असताना आपण त्याच्या आत्महत्येची थाप सांगत बसतो, याला काय म्हणावं? सी लाउंजमध्ये एकेकाळी मुलगी बघण्याचे कार्यक्रम होत, त्या गोष्टी मात्र खऱ्या. दोन्ही घरची माणसं चहा थंड होईपर्यंत एकमेकांना जोखत बसायची.

रॅफल्समध्ये रात्र काढावी का? माझ्या मते, नाही. एवढ्या पैशांत बाहेरचे लोक आत येणार नाहीत याची हमी मिळते, आणि खरी मजा तर त्या बाहेरच्या लोकांत आहे. टिफिन रूममध्ये जेवायला जा. उत्तर भारतीय जेवण, डबे हेच तिथलं शोभेचं सामान. मुंबईकराला डब्याचं इतकं कौतुक झालेलं पाहून हसू येईल, पण येऊ द्या. लाँग बारला जायचं तर रांगेची तयारी ठेवा, दोघांत एकच स्लिंग घ्या आणि शेंगांना लाजू नका.

तिथून निघालात की चालत दहा-पंधरा मिनिटांवर नॅशनल गॅलरी आहे, तीही चुकवू नका. किपलिंगने ज्याच्या बिछान्यांची शिफारस केली होती ते हॉटेल द ल’युरोप त्या जागेवर होतं. ते १९३० च्या दशकात बुडालं आणि पाडलं गेलं. १९३९ मध्ये तिथे सर्वोच्च न्यायालयाची इमारत उभी राहिली आणि २०१५ पासून तिच्यात आग्नेय आशियातल्या चित्रकारांची चित्रं लावलेली आहेत. परदेशी पाहुण्यांना तिकीट पडतं, पण स्लिंगपेक्षा स्वस्त.