यारो मामूतची टोपी

फिलाडेल्फियात लेकीकडे गेलो तेव्हा आम्ही आधी इंडिपेंडन्स हॉल पाहिला. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा इथेच मंजूर झाला. समोरच तडा गेलेली लिबर्टी बेल. मन भरून आले.

दुसऱ्या दिवशी कलासंग्रहालयात एका चित्रापुढे पाय थबकले. विणलेली टोपी, मिस्कील डोळे. यारो मामूत! आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला मुसलमान. जाहीरनाम्यानंतरही वीस वर्षे तो गुलामच होता. १७९६ मध्ये सुटका झाली. त्याने वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊनमध्ये स्वतःचे घर घेतले; नमाज मात्र सोडली नाही. चार्ल्स विल्सन पील यांनी १८१९ मध्ये त्याला रंगवले.

'परदेशात टोपी नको,' असे लेकीने बजावले होते. आमची टोपी खिशातच होती. ती काढून आम्ही डोक्यावर घातली.