गुरुवारी सात मेगाहर्ट्झवर

गुरुवारी भोसरी-चाकण पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते. मोशीतल्या गच्चीवर डायपोल ताणून सात मेगाहर्ट्झचा बँड ऐकणाऱ्या माझ्यासारख्या हॅमला, म्हणजे हौशी रेडिओवाल्याला, ती रिसीव्हरमधूनच कळते. एरवी सातवर चिकटलेली एस-मीटरची सुई पाचपर्यंत उतरते आणि एरवी खरखरीखाली गाडलेला एखादा क्षीण मोर्स वर येतो. त्या स्टेशनची ताकद वाढलेली नसते. इकडचे व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह), वेल्डिंग मशिन, स्विचिंग पॉवर सप्लाय थांबलेले असतात.

नव्या मुलांना मी आधी अँटेनाची केबल काढून ऐकायला लावतो. खरखर एकदम पडली, तर ती रिसीव्हरची नाही, बाहेरची. मग महागड्या प्रीअँपने काही साधत नाही. तो सिग्नल आणि गोंगाट सारखेच फुगवतो. खोलीच्या तापमानाला, एसएसबीच्या, म्हणजे बोलण्याच्या प्रसारणाच्या, २.४ किलोहर्ट्झ रुंदीत, निव्वळ उष्णतेचा गोंगाट साधारण उणे १४० डीबीएम असतो. सुई सातवर म्हणजे उणे ८५. पंचावन्न डेसिबलचा हा फरक, तीन लाख पटींहून जास्त! एवढ्या गोंगाटापुढे रिसीव्हर किती नाजूक आहे, याला अर्थच उरत नाही.

म्हणून ऐकायला मी छोटा उभा लूप वापरतो. त्यात सिग्नल डायपोलपेक्षा बराच कमी येतो, पण लूप फिरवून त्याची बहिरी बाजू जवळच्या एखाद्या शेडकडे केली, की तिथला गोंगाट त्याहूनही जास्त पडतो. सिग्नल वीस डेसिबलने घटला आणि गोंगाट सव्वीसने, तर सहा डेसिबल आपलेच. मोर्स असेल तर फिल्टर पाचशे हर्ट्झवर आणायचा. आणखी जवळजवळ सात मिळतात.

मोशीवरून जाणाऱ्या नाशिक रस्त्याने पुढे गेलं की नारायणगावजवळ खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश उभ्या आहेत. ही दुर्बीण उभारणाऱ्या प्रा. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती जागा निवडली, त्यामागे माणसाने केलेला रेडिओ-गोंगाट तिथे कमी, हेही एक मोठं कारण होतं. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास आकाशगंगेचीच खरखर इतकी असते, की क्षीण स्रोत तिच्यातून वेगळे काढावे लागतात. त्यात आपल्या यंत्रांची भर पडायला नको.

म्हणून ओळखीच्या कारखानदारांना मी पुन्हापुन्हा सांगतो: ड्राइव्हच्या इनपुटला ईएमआय फिल्टर बसवा, मोटरला शील्डेड केबल घ्या आणि तिची शील्ड दोन्ही टोकांना नीट अर्थ करा.