मागणे आणि मागणारा

चि. भाचीस,


तुझ्या पत्रातील प्रश्नाचा आशय असा आहे : 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर पहाटे झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारीबरोबर आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली; ज्या घरांत आदल्या दिवसापर्यंत आरती झाली तीच घरे कोसळली, तर प्रार्थनेला कोणता अर्थ उरतो? या प्रश्नाला ‘श्रद्धा अपुरी पडली’ असे उत्तर देणे हा मृतांचा अपमान आहे, आणि प्रार्थना म्हणजे संकटनिवारणाचा हमखास उपाय एवढीच व्याख्या धरली तर ती व्याख्या त्या पहाटेच खोटी ठरली, हे मान्य केलेच पाहिजे. मात्र याच धाराशिव जिल्ह्यातील उपासनापरंपरा प्रार्थनेकडे कशी पाहतात, हे तपासल्यास तिचा अर्थ अधिक खोल असल्याचे दिसते.

तुळजापूरच्या भवानीची उपासना मागण्यापासून सुरू होते आणि त्यात कमीपणा मानला जात नाही. पाऊस, संतती, आरोग्य यांसाठी नवस बोलला जातो. पण या मागण्याला शिस्त लावणारा आचार म्हणजे जोगवा. देवीच्या नावाने, हाती परडी म्हणजे वेताची लहान टोपली आणि गळ्यात कवड्यांची माळ घेऊन, मंगळवारी, शुक्रवारी किंवा नवरात्रात पाच घरी पीठ-मीठ मागणे, असे त्याचे स्वरूप आहे. घरी धान्याची कणगी भरलेली असली तरी कुळाचार म्हणून दुसऱ्याच्या उंबऱ्यावर उभे राहावेच लागते, आणि त्यामुळे देवीकडे केलेली याचना माणसांच्या दारातून जाते. मागणाऱ्याचा ताठा तेथेच उतरतो. पैठणच्या एकनाथांनी जोगव्याचे रूपक करताना नेमके हेच मर्म उचलले : त्यांच्या रचनेत पुत्राच्या जागी ज्ञानरूपी पुत्राची मागणी आहे आणि दंभ टाकून देण्याचा निश्चय आहे.

मागण्याच्या पुढची पायरी सेवेची होय. तुळजापूरची मूर्ती चल आहे, म्हणजे ती स्थानावरून हलवता येते, आणि वर्षातून तीन वेळा, म्हणजे शारदीय नवरात्रापूर्वी, दसऱ्यानंतर कोजागरीपर्यंत आणि पौषातील शाकंभरी नवरात्रापूर्वी, ती पलंगावर निजवली जाते. या विधीला मंचकी निद्रा म्हणतात. जिच्याकडे रक्षणाची याचना करायची तिच्याच विश्रांतीची काळजी येथे भक्त वाहतो, आणि मागणारा काही काळ तरी देणारा होतो. अशा नात्यात मागणे पुरे झाले की नाही, हा प्रश्न राहतो खरा, पण केवळ त्याच्या उत्तरावर नाते टिकत किंवा तुटत नाही.

तिसरी रीत तेर गावची आहे. तेथील संत गोरा कुंभार यांची समाधी 1317 सालची मानली जाते. नामस्मरणात, म्हणजे ईश्वराच्या नावाच्या अखंड आठवणीत, चिखल तुडवताना पायाखाली आपलेच मूल आले तरी त्यांना कळले नाही, ही कथा सर्वश्रुत आहे, आणि तिच्यातील भीषणता झाकून ठेवू नये. नाम घेणाऱ्याच्या घरीही मृत्यू येतो, हे ती उघडपणे सांगते. दुसऱ्या कथेत हेच गोरोबा संतमेळ्यात, मडकी ठोकायच्या थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहतात. इतर शांत राहतात, नामदेव मात्र रागावतात आणि कच्चे ठरतात. ज्यांच्याशी विठ्ठल बोलत असे, असे मानले जाते, तेच नामदेव येथे कच्चे ठरतात, आणि पुढे औंढा नागनाथला विसोबा खेचरांकडे जाऊन शिष्यत्व पत्करतात. देवाशी जवळीक आणि परिपक्वता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा या कथेचा बोध असून प्रार्थनेची परीक्षा आघाताच्या क्षणी होते, हे तिचे सांगणे आहे.

भूकंपाच्या प्रश्नाला येथून मिळणारे उत्तर अपुरे आहे, पण प्रामाणिक आहे : प्रार्थनेने भिंत थांबत नाही, ती थांबवायला भूकंपरोधक बांधणीच लागते, आणि ती करणे हेही कर्तव्यच आहे. प्रार्थना घडवते ती माणसाला, ढिगाऱ्यापाशी शेजाऱ्याचे मूल शोधायला धावणाऱ्या आणि आपले दुःख असूनही दुसऱ्याच्या दारी जाणाऱ्या माणसाला.

म्हणून आचरण साधे ठेवावे : रोज एक ठरलेली वेळ असावी, मनातले मागणे लाज न बाळगता मांडावे, त्यात दुसऱ्या कोणाचे तरी नाव घ्यावे, आणि ज्याचे नाव घेतले त्याच्यासाठी त्याच दिवशी हातून होईल ते काम करावे. असे काम तिच्यामागून आले नाही, तर ती प्रार्थना अजून कच्ची आहे, असे समजावे.

कळावे. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुझा,
मामा