गुडघाभर उंचीचं जंगल

काळा-नारिंगी माशीमार पाहायचा तर आधी नजर खाली आणावी लागते. पाखरं शोधणाऱ्याची मान सवयीनं वर जाते आणि शेंड्याशेंड्यांवरून फिरत राहते. हा मात्र गुडघ्याच्या, फार तर कंबरेच्या उंचीवर नेच्यांच्या दाटीत बसलेला असतो. चिमणीहूनही लहान. नराचं डोकं आणि पंख गडद काळे, बाकीचं अंग पाठीपासून शेपटीपर्यंत धगधगीत नारिंगी. मादीचा नारिंगी मवाळ, डोकं तपकिरी. एवढा भडक रंग लेऊनही सावलीत तो असा मुरतो, की हललाच नाही तर दोन हातांवरूनही दिसू नये.

साऱ्या जगात हा पक्षी फक्त आपल्या सह्याद्रीत आहे, तोही दक्षिणेच्या टोकाकडे. तापीकाठी सुरू होणारी ही रांग महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक ओलांडून निलगिरी, अण्णामलै आणि पळणीच्या डोंगरांत अडीच हजार मीटरच्या वर चढते. तिथं उघड्या माथ्यांवर गवत असतं आणि पाणी धरून ठेवणाऱ्या घळींत जंगल. ही ठेंगणी, सदाहरित रानं म्हणजे शोला. वाऱ्यानं पिळवटलेले बुंधे, फांदीफांदीवर शेवाळ, खाली आपल्या कारवीच्या गोतातली झुडपं आणि पायाखाली कुजत्या पानांचा ओला थर. मद्रासच्या फौजेतले डॉक्टर थॉमस जेर्डन यांनी १८३९ मध्ये या पक्ष्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं.

माशीमारांची आपल्याला ओळखीची रीत वेगळी. आपल्याकडच्या पानगळीच्या रानातला टिकेलचा निळा माशीमार फांदीवर बसतो, हवेतल्या कीटकावर झेपावतो. शोलातला हा गडी मात्र जमिनीलगत वावरतो. एका काटकीवर थांबायचं, आसपासचा पाचोळा निरखायचा, टुणकन खाली उतरून किडा टिपायचा आणि पुन्हा बुटक्या फांदीवर. कोटागिरीजवळच्या लाँगवूड शोलात मी तो पाहिला तेव्हा त्याच्या सगळ्या हालचाली चार पावलांच्या परिघात चालल्या होत्या. आवाजही तसाच बारीक, उंच पट्टीतला. लक्ष दिलं नाही तर रातकिड्यांच्या किरकिरीत विरून जाणारा.

मार्च ते मे हा त्याच्या विणीचा काळ. नेच्यांच्या किंवा झुडपांच्या गुंत्यात, जमिनीपासून थोड्याच उंचीवर, गवताच्या आणि लव्हाळ्याच्या सुक्या पात्यांचं चेंडूसारखं गोल घरटं असतं. आत शिरायला बाजूनं वाट. अंडी बहुधा दोनच. उबवण्याचं काम मादीचं, भरवण्याचं दोघांचं. चोचीत किडा धरून परतताना हे पाखरू थेट घरट्यावर येत नाही. इथं थांब, तिथं थांब, असं बुटक्या फांद्यांवरून टप्प्याटप्प्यानं पोहोचतं.

या पक्ष्याच्या अभ्यासाशी मुंबईचंही नातं आहे. सत्तरच्या दशकात बांगलादेशातून आलेले अली रेझा खान यांनी पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठात डॉक्टरेट केली, ती याच पक्ष्यावर. कोण किती दूरवरून आला आणि कुणासाठी! ज्याच्यासाठी आला तो पक्षी मात्र जन्मभर आपली घळ सोडत नाही. हिवाळ्यात काश्मिरी माशीमार पीर पंजालच्या रानांतून निघून निलगिरीपर्यंत, श्रीलंकेपर्यंत उतरतो. या स्थानिकाला असं स्थलांतर ठाऊक नाही. त्याला थंड सावली हवी, दाट झुडूप हवं, पानांचा थर हवा. एक घळ उजाड झाली तर उघड्या, तापलेल्या मुलखावरून दुसरी गाठणं त्याच्या स्वभावात नाही. आणि हवा तापत गेली तर डोंगरावर राहणाऱ्याला वर सरकायला जागा तरी किती? माथ्याच्या पुढे आभाळच.

मला हा पक्षी फार मोलाचा वाटतो, कारण तो जंगलाची खरी कसोटी सांगतो. आपण जंगल मोजतो ते झाडांनी. इंग्रजांच्या काळापासून निलगिरीच्या गवताळ उतारांवर युकॅलिप्टस आणि वॅटलची झाडं लावली गेली, आणि दुरून डोंगर हिरवेच दिसत राहिले. पण हिरवा डोंगर म्हणजे जंगल नव्हे. झुडपं तोडून, पाचोळा गोळा करून, खालून ‘स्वच्छ’ केलेल्या रानात झाडं उभी राहतात. पण या पक्ष्याचं घर आणि ताट दोन्ही गेलेलं असतं. पाऊस जिरवणारी जमीनही त्या थरासोबत जाते.

आपल्या देवरायांत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही, असा दंडक पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. त्यामागे देवाचा धाक होता, पण त्यानं राखलं ते जमिनीलगतचं, गुडघाभर उंचीचं जंगल. कुजणं, रुजणं, किडे, पाणी सगळं तिथंच. सह्याद्रीच्या त्या टोकाला काळा-नारिंगी माशीमार नांदायला हवा असेल, तर तोच दंडक शोलालाही लागू करावा लागेल. आणि आपल्या टोकाला दरवर्षी वणव्यात पाचोळा जळताना पाहून ‘गवतच तर जळतंय’ म्हणणं सोडावं लागेल. झाड लावणं सोपं आहे. पडलेलं पान जिथल्या तिथं राहू देणं आपल्याला पुन्हा शिकायचं आहे.