28 तास गेले कुठे?

'बाबा, सायकलची बॅटरी संपली. गडचांदूरच्या पुढे अडकलोय.'

फोनवर दोन सेकंद शांतता. मग बाबांचा खो-खो हसण्याचा आवाज. 'सायकलले बॅटरी कायले पाहिजे रे? डायनामो लावला का?'

हसा, तुम्हीही हसा! पण माझ्या सायकलला खरंच बॅटरी आहे. एक नाही, दोन. पुढचा गिअर बदलणाऱ्या यंत्राला एक आणि मागच्याला एक. हँडलवरचं बटण दाबलं की चिमुकली मोटर चेन एका चक्रावरून दुसऱ्या चक्रावर ढकलते. ना केबल, ना खटखट. शिमानोनं 2009 साली असे इलेक्ट्रॉनिक गिअर बाजारात आणले, 2015 साली स्रॅमनं मधली वायरही काढून टाकली. माझी सायकल बिनवायरचीच, पहिल्या घसघशीत बोनसची. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण पुढे कळेलच की चूक तिची नव्हतीच.

तर दिवाळीला पुण्याहून घरी निघालो. घर म्हणजे कोरपना, चंद्रपूर जिल्हा. 'कुठे आलं हे?' असं ऑफिसात दरवर्षी कोणीतरी विचारतंच. वणीकडून पैनगंगा ओलांडली की डोळ्यांना कापूस आणि नाकाला सिमेंट लागतं, तिथे! या भागात जमिनीखाली चुनखडी आहे, म्हणून सिमेंटचे कारखाने आहेत. त्यातल्याच एकात बाबांनी तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये काढली. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले.

सायकल गाडीच्या मागच्या कॅरिअरवर टांगली, दिवा हिरवा असल्याची खात्री केली आणि सातशेहून जास्त किलोमीटर गाडी हाणली. थांबत-थांबत पंधरा तास. प्लॅन सॉलिड होता: दुसऱ्या दिवशी पहाटे कोरपना ते माणिकगडचा घाट. लहानपणी त्या डोंगराकडे नुसतं बघितलं होतं. गडचांदूरपर्यंत सपाट रस्त्यावर मस्त वेग घेतला, चढ दिसला, बटण दाबलं. काहीच नाही. पुन्हा दाबलं. मागचा गिअर सगळ्यात जड चक्रावर ठाण मांडून बसलेला. झाली ना वाट!

बाबा मोटरसायकलवर आले. सायकलभोवती एक चक्कर मारली, वाकून पाहिलं.

'ह्या दोन्ही बॅटऱ्या सारख्याच दिसतात. अदलाबदल करून पाहिली का?'

मी गप्प. पाच मिनिटं मोबाईलवर नेटवर्क शोधत होतो, पण हे सुचलं नव्हतं. पुढचा गिअर आपण क्वचितच बदलतो, त्यामुळे पुढच्या बॅटरीत जरा जीव शिल्लक होता. ती मागे लावली. खट्! चेन सरकली. घाट मात्र त्या दिवशी राहिलाच, सायकल चालवत घरी आलो.

'आता चार्ज करतो, तासाभरात होईल,' मी म्हणालो.

'चार्ज करणं म्हणजे रिपेअर करणं नव्हे,' बाबा म्हणाले. 'काऊन उतरली ते सांग.'

खरं तर हे दुखणं जुनंच होतं. बॅटरी लवकर उतरते म्हणून ऑगस्टमध्ये मी नवी जोडी घेतली होती. दुकानात गिअर सेट करून आणले, सॉफ्टवेअर अपडेट केलं. फरक शून्य.

बाबांनी वही काढली. कारखान्यात म्हणे प्रत्येक मोटरचं लॉगबुक असायचं.

'कधीपासून उतरायला लागली?'

'जूनपासून.'

'जूनमध्ये काय बदललं?'

'काहीच नाही.'

'एका चार्जवर किती तास चालाले पाहिजे?'

'साधारण साठ.'

'शेवटची चार्ज कधी केली? तवापासून किती चालवली?'

गणपती झाल्यावर चार्ज केली होती. त्यानंतरच्या सगळ्या राइड्सची वेळ मोबाईलमध्ये होतीच. बेरीज केली: 32 तास. बाबांनी साठमधून बत्तीस वजा केले आणि वहीवर बोट ठेवलं.

'मंग 28 तास गेले कुठे?'

मी पुन्हा गप्प. ते उठून अंगणात गेले, गाडीमागच्या कॅरिअरकडे बघत उभे राहिले. 'हे कधी घेतलं?'

जूनमध्ये.

मग मी मॅन्युअल डाउनलोड केलं. सायकल घेतल्यापासून पहिल्यांदा! तिथे स्वच्छ लिहिलं होतं: सायकल गाडीवरून नेताना बॅटऱ्या काढून ठेवा. कारण सोपं आहे. सायकल स्थिर उभी असली की ही यंत्रं आपोआप झोपतात, म्हणून बॅटरी टिकते. हलली की जागी होतात, मालक निघाला असं समजून. कॅरिअरवर टांगलेली सायकल सतत हादरत असते. तिला वाटतं, आता बटण दाबतील, मग दाबतील. अख्खा रस्ता ती टक्क जागी.

दर रविवारी शहराबाहेर जायला-यायला साधारण दोन तास, म्हणजे आतापर्यंत तेरा. अधिक पुणे ते कोरपना पंधरा. बाबांनी खाली रेघ मारली: 28.

आणि तो हिरवा दिवा? साठ तास उरले असोत की सोळा, तो हिरवाच असतो. लाल होतो तो अगदी शेवटी.

'म्हणजे नुसती टांगून ठेवली, तरी दमली,' आई म्हणाली. बाबा हसले नाहीत.

त्या रात्री अडीच वाजता माझा फोन थरथरला. अमेरिकेतल्या क्लायंटचं काहीतरी अडलं होतं. सुट्टीवर होतो, तरी लॅपटॉप आणला होताच. काम दहा मिनिटांचं. बाहेर आलो तर बाबा ओसरीवर बसलेले.

'तुम्ही का जागे?'

'रोजच जागा असतो.'

सिमेंटची भट्टी थांबत नाही. आत चौदाशे अंशांच्या वर आग, दिवसरात्र. बाबांची शिफ्ट दर आठवड्याला बदलायची, आणि सुट्टीतही बोलावणं यायचं. 'नाईट करून दुपारी पडायचो, पण कान फोनकडेच. तुम्ही पोट्टे म्हणायचे, बाबा झोपले. मी झोपत नव्हतो, पडून राहायचो. आता फोन येत नाही, पण झोपही येत नाही.' मग थांबून म्हणाले, 'तुझी लाईट हिरवी दिसते सध्या. माझीही दिसत होती. बीपीची गोळी लागली तवा समजलं.'

तीस वर्षांत मी हे कधी विचारलंच नव्हतं.

पुण्याला गेल्यावर रात्रीचे कॉल टीममध्ये वाटून घ्यायचा विषय काढायचा, असं तिथेच बसल्या बसल्या ठरवलं. काढलाही. सध्या आठवड्यातल्या चार रात्री माझा फोन बंद असतो. बॉस खूश नाही, पण मी आहे.

निघायच्या दिवशी बाबांनी दोन्ही बॅटऱ्या काढल्या, झाकणं बसवली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिल्या. मग माझ्या मोबाईलकडे बघत म्हणाले, 'याची निघते का रे?'

'नाही बाबा, आता निघत नाही.'

'पहिले निघत होती,' ते म्हणाले.

तुमचीही बॅटरी लवकर उतरतेय?

• नवी घेण्याआधी पुढची-मागची अदलाबदल करा. दुखणं बॅटरीसोबत गेलं तर दोष बॅटरीचा, जागेवरच राहिलं तर दुसरीकडे शोधा.

• चार्जची तारीख आणि चालवलेले तास लिहून ठेवा. हिरव्या दिव्यावर विसंबू नका.

• बिनवायरचे गिअर असतील तर गाडीतून नेताना बॅटऱ्या काढा, झाकणं लावा.

• वायरवाले गिअर असतील तर सामानाखाली बटण दाबलेलं राहत नाही ना, ते बघा.

• हँडलमधल्या बटणांना वेगळा छोटा सेल असतो. तो विसरू नका.