तीन चित्रपट, एक म्हातारपण

चांगली पुस्तके एकमेकांस सुचवावीत, ही आपल्याकडील जुनी रीत. चित्रपट मात्र आपण केवळ करमणुकीच्या खात्यात टाकून मोकळे होतो. म्हणूनच वाचकहो, आज आम्ही उभयता तीन परदेशी चित्रपटांची शिफारस करीत आहोत. तिन्ही कृष्णधवल, तिन्ही १९५२-५३ या दोन वर्षांतील, आणि तिन्हींचा नायक वृद्ध.

पहिला इटलीचा 'उंबेर्तो डी.' (१९५२). व्हित्तोरिओ द सिका यांनी तो आपल्या वडिलांस अर्पण केला आहे. निवृत्त सरकारी नोकर, तुटपुंजे निवृत्तिवेतन, थकलेले भाडे आणि सोबतीला एक कुत्रा. एकदा तो भीक मागण्यासाठी हात पुढे करतो. पण कोणी नाणे ठेवणार, तोच तळवा उलटा करून पाऊस पडतो आहे की काय, हे पाहिल्यासारखे करतो. अब्रू म्हणजे काय, हे त्या एका हालचालीत कळते. ही भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती हे नट नव्हते, भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते.

दुसरा अकिरा कुरोसावा यांचा 'इकिरू' (१९५२). नगरपालिकेतील अधिकारी वातानाबे यांस पोटाचा कर्करोग झाला आहे. मुलाला सांगावे असे त्यांच्या मनात फार येते, परंतु ओठांवर येत नाही. अखेर ते एका घाणेरड्या जागेवर मुलांसाठी बाग उभी करण्याच्या मागे लागतात. ताकाशी शिमुरा यांचे बर्फ पडत असताना झोपाळ्यावर बसणे विसरता येत नाही.

तिसरा आणि आमच्या मते सर्वांत थोर, यासुजिरो ओझू यांचा 'टोकियो स्टोरी' (१९५३). ओनोमिची गावचे वृद्ध दांपत्य टोकियोला मुलांकडे जाते. थोरला मुलगा डॉक्टर, मुलगी केशभूषेचे दुकान चालविणारी. दोघे दुष्ट नाहीत. त्यांना सवड नाही, इतकेच. आईवडिलांस ती अतामीच्या उन्हाळ्यांवर धाडतात. तेथील गोंगाटाने झोप लागत नाही, म्हणून म्हातारी लवकर परततात, तर मुलीच्या घरी त्या रात्री जागा नाही! आई युद्धात गेलेल्या मुलाच्या विधवेकडे निजते. ही परक्या घरातून आलेली नोरिकोच काय ती मायेने वागते. गावी परतल्यावर आई जाते, आणि अंत्यविधीनंतरच्या जेवणातच मुलगी तिचा किमोनो मागून घेते. ओझूंचा कॅमेरा बहुधा जमिनीलगत असतो. पाटावर बसून जेवलेल्या आपल्या पिढीला ते घर परके वाटत नाही.

या मुलीवरून आमच्यात दोन दिवस वाद झाला. एकाचे मत, ती पाषाणहृदयी. दुसऱ्याचे मत, तिने दुकान बंद ठेवले असते तर घर कोणी चालविले असते? वाद करता करता आम्ही नकळत आमच्याच मुलांविषयी बोलू लागलो. एक पुण्यास, एक टोरांटोस. दोघेही मनापासून म्हणतात, "इंदूरचे घर आवरा आणि आमच्याकडे या." इतकी वर्षे हा विषय आम्ही दोघेही हसून टाळीत आलो होतो, त्या रात्री प्रथमच तो शेवटपर्यंत बोललो. हातपाय चालतात तोवर येथेच राहावयाचे. मात्र दोघांपैकी एक मागे उरल्यास त्याने हट्ट धरावयाचा नाही. तसे मुलांनाही कळविले. दूरध्वनीवर पलीकडे बराच वेळ कोणी बोलले नाही.

उत्तम चित्रपट उपदेश करीत नाही. घरात जे बोलणे व्हावयास हवे असते, त्याला तो वाट करून देतो. हे चित्रपट एकापाठोपाठ एक पाहू नयेत. मध्ये आठवडा जाऊ द्यावा. दिवाळीत मुले, सुना, जावई जमले की एका दुपारी 'टोकियो स्टोरी' लावावा. गती संथ आहे. तरुण मंडळी पहिला अर्धा तास चुळबुळ करतील, करू द्यावी. आणि संपल्यावर कोणासही "आता समजले का?" असे मुळीच विचारू नये. चहा ठेवावा.