खरा विजेता कोण?

मुलांनो, क्रिकेटचा विश्वचषक कोणी जिंकला हे तुम्ही झोपेतही सांगाल. पण मुष्टियुद्धाचा जगज्जेता कोण? माझ्या वर्गात विचारलं, तर एकच उत्तर आलं, "मोहम्मद अली!" अली शेवटचा लढला १९८१ साली. तुमच्या कित्येक आईबाबांचा तेव्हा जन्मही नव्हता!

मग इतका गाजलेला खेळ लोकांच्या डोळ्यांआड गेला कसा? एक कारण पैशाचं. १९७८ साली अली आणि लिऑन स्पिंक्स दोनदा लढले, त्या दोन्ही लढती अमेरिकेत घरच्या टीव्हीवर फुकट दिसल्या. २०१५ साली मेवेदर आणि पॅकियाओ भिडले, तेव्हा तीच करमणूक घरी बघायला ९० ते १०० डॉलर पडले. एका रात्रीचे, बरं का! बाकीच्यांनी दुसऱ्या दिवशी निकाल वाचला. निकाल वाचून कधी कुणाला खेळाचं वेड लागतं का?

दुसरं कारण मोठं गमतीचं आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपली महाराष्ट्र केसरी स्पर्धा दोन ठिकाणी झाली, धाराशिवला आणि पुण्याजवळच्या फुलगावला. केसरीही दोन झाले. मग पारावर वाद, खरा कोणता? व्यावसायिक मुष्टियुद्धात हा घोळ कायमचाच. तिथे मोठ्या संघटना चार, वजनाचे गट सतरा, आणि प्रत्येक संघटनेचा विजेता वेगळा, त्याच्या कमरेचा पट्टा वेगळा. करा पाहू गुणाकार! १८ मे २०२४ ला रियाधमध्ये युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकने टायसन फ्युरीला हरवलं आणि सर्वांत वजनदार गटातले चारही पट्टे त्याच्याकडे आले. पण दीड महिन्याच्या आत त्यातला एक सोडावा लागला, कारण त्या संघटनेला तो दुसऱ्याच कुणाशी लढायला हवा होता! असा पोरखेळ चालला तर लोक पाठ फिरवणारच.

लोकांना परत कोणी आणलं? मला विचाराल तर दोन बायकांनी. आयर्लंडची केटी टेलर लहान होती तेव्हा तिथे मुलींच्या लढती होतच नसत. मग ती मुलगा बनून, केस लपवून रिंगणात उतरायची. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बायकांचं मुष्टियुद्ध पहिल्यांदाच आलं. टेलरने सुवर्णपदक मिळवलं, आणि वेगळ्या वजनगटात आपल्या मेरी कोमने कांस्य. पुढे टेलर व्यावसायिक झाली. ३० एप्रिल २०२२ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तिची गाठ अमांडा सेरानोशी पडली. तिथे बायकांची लढत रात्रीची मुख्य लढत होण्याची ती पहिलीच वेळ. १९,१८७ प्रेक्षक! पाचव्या फेरीत सेरानोने तिला असं झोडपलं, की आता पडते की मग पडते. ती पडली नाही. दहा फेऱ्या झाल्या आणि तीनपैकी दोन पंचांनी कौल टेलरला दिला. जुलै २०२५ मध्ये दोघी तिथेच तिसऱ्यांदा लढल्या, तर त्या रात्रीच्या सगळ्याच लढती बायकांच्या. नेटफ्लिक्स असलेल्या घरात वेगळा पैसाही द्यावा लागला नाही. दोघी तोडीस तोड, आणि दोघींनी एकमेकींना टाळलं नाही. लोकांना आणखी काय हवं असतं?

आता आईबाबांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. रास्त आहे. १९८२ साली लास व्हेगासमध्ये चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांत दगावला. ते साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिलं होतं. महिन्याभरात एका संघटनेने पंधरा फेऱ्यांच्या बारा केल्या. दुसऱ्या दोघींना मात्र पाच-सहा वर्षं लागली! म्हणून मला वाटतं, हा खेळ चालणारच असेल तर तो चार लोकांच्या डोळ्यांसमोर चालावा.

टेलर-सेरानोची पहिली लढत कुठे पाहायला मिळाली, तर पाचवी फेरी चुकवू नका. आणि हो, आईबाबांना शेजारी बसवा.